अंगावरचे पित्त आणि चिनी सुया



लागणीच्या नोंदी घेताना परवा एका सभासदाने बांधावरच विचारले, "साहेब, अंगावर पित्त उठतंय, दोन महिनं झालं. चिनी सुयांनी जातंय म्हणत्यात. गोळी बंद करून सुया घेऊ का?" हा विषय ऊस विकास खात्याचा नव्हे. पण विचारले आहे तर माहिती काढली, ती येथे देत आहे.

पित्त उठले की आपण आमसुलाचे पाणी लावतो, घोंगडी पांघरून बसतो. चिनी वैद्य या दुखण्याचा दोष वाऱ्याला देतात. गांधी अचानक उठतात, जागा बदलतात, खूण न ठेवता जिरतात, हे सारे वाऱ्याचे गुण. (आपल्या आयुर्वेदातही शीतपित्ताचे कारण गार वाऱ्याचा स्पर्श असेच दिले आहे!) आजचे डॉक्टर सांगतात की, त्वचेतील मास्ट पेशींतून हिस्टामिन सुटते आणि गांध उठते. एक गांध बहुधा 24 तासांच्या आत जिरते. मात्र नव्या उठण्याचा प्रकार 6 आठवड्यांच्या वर चालला तर दुखणे जुनाट समजतात.

सुया कुठे टोचतात? कोपर दुमडल्यावर पडणाऱ्या घडीच्या बाहेरच्या टोकाला एक, गुडघ्याच्या वर आतल्या अंगाला एक. या दुसऱ्या जागेचे चिनी नाव 'रक्ताचा सागर'. आणखीही जागा आहेत. सुया वीस-तीस मिनिटे ठेवतात. ही विद्या भारतात रुजवण्यात डॉ. विजयकुमार बसू यांचा मोठा वाटा. सोलापूरचे डॉ. कोटणीस 1938 साली ज्या पथकातून चीनला गेले, त्यातलेच हे डॉक्टर.

गुण येतो का? चीनमधील 3 रुग्णालयांत 330 रुग्णांवर घेतलेली चाचणी 2023 साली प्रसिद्ध झाली. आजाराची तीव्रता 42 पैकी गुणांत मोजली. 4 आठवड्यांत खऱ्या सुयांनी 8.2 गुण कमी झाले, खोट्या सुयांनी 4.1 आणि नुसते थांबलेल्यांचे 2.2. म्हणजे थोडा फायदा दिसला, पण रुग्णाला ठळक जाणवावा एवढा फरक पडला नाही. माझे मत असे की, सुया घ्यायच्या तर गोळी चालू ठेवून घ्याव्यात, आणि सुई दरवेळी नवी, आपल्यासमोर फोडलेली असावी.

खरी काळजी चूर्णाची आहे. 'वारा शमवणारे चूर्ण' हे प्रसिद्ध चिनी औषध 1617 सालच्या ग्रंथात आहे. त्यात मू-थुंग नावाची वेल पडते. त्याच नावाखाली मांचुरियाकडची दुसरीच वेल विकली जाई. तिच्यातील अॅरिस्टोलोकिक आम्लाने मूत्रपिंडे निकामी होतात, कर्करोगही होतो. चीनने 2003 साली ती वेल औषधातून काढून टाकली. बेण्याचेच पाहा ना, 86032 सांगून भेसळ दिली तर निदान पीक वर आल्यावर कळते. मूत्रपिंडाचे कळेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून चिठ्ठी नसलेली, घटक न लिहिलेली पुडी घेऊ नका, मग ती चिनी असो की बाजारातल्या वैदूची.

ओठ-जीभ सुजली, आवाज बसला, धाप लागली किंवा चक्कर आली तर सुया नाहीत, काढा नाही. मिळेल त्या गाडीने दवाखाना गाठावा. तिथे अॅड्रेनॅलिनचे इंजेक्शन लागते, आणि त्याला मिनिटांचा हिशेब असतो.

त्या सभासदाने गोळी चालू ठेवली आहे. सुयांचे अजून ठरलेले नाही.