बुलेटला पुढे ७ इंची ब्रेक, तोही खिशाला सोसेल असा

बनारसमध्ये ब्रेकचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही. गल्लीच्या वळणावर ऐसपैस बसलेला बैल ते सांगतो. तुमच्या जुन्या ३५० स्टँडर्ड बुलेटला पुढे ६ इंची ड्रम आहे ना? लिव्हर दाबला की गाडी थांबण्याचा विचार करते, निर्णय मात्र घेत नाही. आज आपण तो ब्रेक काढून ड्रमवाल्या मॅचिस्मोचा किंवा ड्रमवाल्या जुन्या इलेक्ट्राचा ७ इंची, दोन कॅमचा ब्रेक बसवू. डिस्कच्या नादी लागू नका. त्यासाठी फोर्कचा पाय, मास्टर सिलिंडर, कॅलिपर असं एकेक करत निम्मी गाडीच विकत घ्यावी लागते.

दुर्गाघाट-ब्रह्माघाटाकडच्या एखाद्या मराठी वाड्याचं अंगण मिळालं तर उत्तमच. नाहीतर सावलीतली सपाट जागा, एक टेबल आणि हाताखाली एक माणूस, एवढं पुरे. पाने, पक्कड, खडू, कानस, ग्रीस, भरपूर चिंध्या आणि जुन्या ट्यूबची एक पट्टी जवळ ठेवा.

आधी बाजारातली कामं

१. भंगारवाल्याकडून हब आणि ब्रेक प्लेट एकाच गाडीची, जोडीने घ्या. दोन्ही कॅम, दोन्ही आर्म आणि आर्म जोडणारी सळी प्लेटवरच आहेत ना, ते मोजून बघा. सळी नंतर शोधायला निघालात तर तो रविवार गेलाच म्हणा.

२. ड्रमवर पान्याने हलकी टिचकी मारा. खणखणीत वाजला तर ठीक. बद्द आवाज आला तर चीर असण्याची शक्यता आहे, तो तिथेच ठेवा.

३. प्लेट गाडीपाशी नेऊन तिची खाच फोर्कच्या खुंटीला लावून बघा. खुंटी खाचेत पूर्ण आणि घट्ट बसायला हवी. ब्रेक दाबल्यावर प्लेटला चाकाबरोबर फिरू न देणारी एवढी एकच गोष्ट आहे. सैल बसत असेल तर पत्र्याचा तुकडा कोंबून भागवू नका, दुसरी प्लेट आणा.

४. नवे ब्रेक शू, नव्या स्प्रिंगा आणि याच ब्रेकची केबल विकत घ्या. पैसे वाचवायचे ते हबवर वाचवा, या तीन गोष्टींवर नको. जुन्या स्प्रिंगा ढिल्या पडलेल्या असतात आणि शू ड्रमला घासत राहतात.

५. तुमच्या रिमच्याच मापाची दुसरी रिम नव्या हबवर बांधून घ्या. स्पोक नव्या हबच्या मापाचे हवेत, जुने चालणार नाहीत.

६. चाक बांधून झालं की ड्रम खरादवर फिरवून घ्या. (इकडे लेथला खराद म्हणतात.) हा क्रम उलटा झाला की सगळी मेहनत पाण्यात! स्पोक ताणले की हब किंचित ओढला जातो आणि गोल केलेला ड्रम पुन्हा वाकडा होतो. खरादवाला कुरकुरेल, कारण रिमसकट चाक त्याच्या मशीनवर मावायला हवं. मावत नसेल तर दुसरा खरादवाला गाठा. ड्रम घासून साफ होईल एवढंच कातायला सांगा, जास्त नको.

आता टेबलाशी या

७. दोन्ही कॅम काढून पुसा आणि त्यांच्या दांड्यांना बोटाच्या टोकावर मावेल एवढंच ग्रीस लावून ते परत बसवा. जास्तीचं ग्रीस गरम होऊन लायनरवर उतरतं.

८. दोन्ही शू स्प्रिंगांनी एकमेकांना जोडून घ्या.

९. ही जोडी उघड्या पुस्तकासारखी धरून प्लेटवर टेकवा आणि दोन्ही बाजू खाली दाबा. बोटं मध्ये ठेवू नका, स्प्रिंग दयामाया दाखवत नाही.

१०. लायनरवर खडू फासा.

११. प्लेट ड्रममध्ये बसवून चाक हाताने फिरवा आणि एक आर्म हलकेच दाबा.

१२. प्लेट बाहेर काढून खडू कुठे पुसला गेला ते बघा. तेवढा उंचवटा कानसीने हलक्या हाताने उतरवा. नाकावर ओला रुमाल बांधा आणि धूळ फुंकू नका. लायनरचा निदान अर्ध्याहून जास्त भाग टेकेपर्यंत १० ते १२ या पायऱ्या पुन्हा पुन्हा करा. कंटाळवाणं काम आहे, पण चहा पाजून दुसऱ्याकडून करून घेण्यासारखं नाही.

१३. खडू पुसून प्लेट पुन्हा ड्रममध्ये ठेवा आणि सळीची एका टोकाची पिन काढा. आता दोन्ही आर्म सुटे झाले.

१४. पहिला आर्म शू ड्रमला टेकेपर्यंत फिरवा आणि सोबत्याला तसाच धरून ठेवायला सांगा.

१५. दुसरा आर्मही तसाच टेकेपर्यंत फिरवून धरा.

१६. सळीची लांबी अशी जुळवा की पिन जोर न लावता आपोआप आत जाईल. ठोकून घालावी लागली, तर एक शू काम करणार आणि दुसरा बघत बसणार. मग दोन कॅमचे पैसे देऊन तुम्ही एकाच कॅमचा ब्रेक घेतलात.

१७. सळीचा लॉकनट आवळा आणि पिनेला नवी कॉटर पिन घाला.

गाडीवर

१८. गाडी मधल्या स्टँडवर घ्या आणि इंजिनखाली लाकडी ठोकळे लावून पुढचं चाक उचला. हँडल सोबत्याच्या हातात द्या.

१९. ब्रेकची आणि स्पीडोमीटरची केबल सोडवा.

२०. फोर्कच्या दोन्ही पायांच्या टोप्यांचे नट काढा. डावी-उजवी टोपी आणि तिची पुढची बाजू खुणेने लिहून ठेवा. अदलाबदल झाली तर एक्सल नीट बसत नाही.

२१. जुनं चाक खाली उतरवा. आतली काळी पूड ओल्या चिंधीने टिपा. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून हवेचा पाइप लावून उडवू नका.

२२. नवं चाक वर घ्या आणि सगळ्यात आधी खुंटी खाचेत गेल्याची खात्री करा. बोट लावून बघा, नुसत्या नजरेवर विसंबू नका.

२३. स्पीडोमीटरच्या गिअरची जीभ हबच्या खाचेत बसवा. ती चुकली तर नट आवळताना गिअर मोडतो.

२४. टोप्या लावून त्यांचे नट फक्त हाताने फिरवा. पाना अजून दूर ठेवा.

२५. नवी केबल जोडा. ब्रेक लागलेला असताना केबल आणि आर्ममध्ये जवळजवळ काटकोन व्हायला हवा, नाहीतर हाताचा जोर वाया जातो.

२६. ब्रेक प्लेट धरणारा एक्सलचा नट ढिला करा.

२७. चाक जोरात फिरवा आणि फिरत्या चाकावर लिव्हर आवळा. शू ड्रमला भिडतात आणि प्लेट आपणहून मधोमध येते.

२८. लिव्हर दाबलेलाच ट्यूबच्या पट्टीने हँडलला बांधून टाका.

२९. तसाच बांधलेला असताना एक्सलचा नट घट्ट आवळा. या चार पायऱ्यांना पाच मिनिटंही लागत नाहीत, तरी बहुतेक गॅरेजांत त्या गाळल्या जातात. आणि मग ‘बुलेटचा ब्रेक असाच असतो हो’ असं ऐकून तुम्ही घरी येता.

३०. आता टोप्यांचे नट आळीपाळीने, थोडे थोडे करत घट्ट करा.

३१. पट्टी सोडून चाक फिरवा. अडकत किंवा घासत असेल तर केबलचा ॲडजस्टर थोडा ढिला करा.

३२. १६व्या पायरीचं सळीचं माप पुन्हा एकदा तपासा. प्लेट सरकली असेल तर इथे कळेल.

रस्त्यावर

३३. आधी गाडी ढकलत चालवा आणि ब्रेक दाबून बघा. पहिली परीक्षा घाटाच्या उतारावर घेऊ नका!

३४. पहाटे, मैदागिनची गर्दी जागी होण्याआधी, सपाट मोकळ्या रस्त्यावर ताशी ३० ते ४० किलोमीटरवरून पंधरा-वीस वेळा थांबा. दर वेळी मध्ये थोडं अंतर चालवून ड्रमला हवा खाऊ द्या. सलग दाबत राहिलात तर नव्या लायनरवर चकाकी येते आणि पकड जाते.

३५. १०० किलोमीटरनंतर केबल पुन्हा ताणून घ्या. नवी केबल थोडी लांबतेच.

पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून गाडी काढलीत, तर पुढची शे-दोनशे पावलं लिव्हर हलका दाबून चालवा, म्हणजे ड्रम सुकेल. आणि एक सवय आजच लावून घ्या. हा ब्रेक पुढे जाणाऱ्या चाकाला जबरदस्त धरतो, मागे घसरणाऱ्या चाकाला मात्र नाही. घाटाकडून वर येताना चढावर अडकलात, तर पाय मागच्या ब्रेकवर ठेवा.