सकाळी लळिंग, दुपारी थाळनेर, संध्याकाळी मुडावद

शिंदखेड्याच्या मंडळींना एका दिवसात डोंगरावरचा किल्ला आणि पाण्याकाठची गावं पाहायची असतील, तर लांब जायची गरज नाही. समुद्र आपल्या वाट्याला आला नाही, तापी आली आहे. लळिंग, थाळनेर आणि मुडावद ही तीन ठिकाणं एका दिवसात नीट होतात, मात्र याच क्रमाने. उलटे फिरलात तर लळिंगचा चढ भर उन्हात येतो आणि गोष्टही शेवटाकडून कळते.

दिवस नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी यातला धरा. माणसं चाळीसच्या आसपास असतील तर एसटीच्या आगारात जाऊन प्रासंगिक करारावर बस ठरवा. अर्जात सगळे थांबे लिहून द्या, वाटेत वाढवलेल्या किलोमीटरवरून वाद होतात. शाळेची सहल असेल तर भाड्यात सवलत मिळते, ती आधीच विचारा. दहा-बारा जणांना क्रुझर पुरते. वर्गणी निघण्याआधी गोळा करा आणि पैसे एकाच माणसाच्या हाती ठेवा.

जेवण घरूनच न्या, आणि हिवाळ्यात न्यायचं तर भरीतच. आदल्या रात्री हिरवी वांगी कापसाच्या काड्यांवर भाजा. साल काळी पडून सुटू लागली आणि देठाजवळ बोट दाबल्यावर आत गेलं की वांगं झालं. गरम असतानाच सोला, काठवटीत मिरची-लसणाबरोबर ठेचा, शेंगदाणे घालून फोडणी द्या आणि पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा. गरम भरलं तर दुपारपर्यंत आंबूस वास येतो. कांद्याची पात वेगळी न्या, ती जेवायला बसताना चिरून घाला. सोबत कळण्याच्या पुऱ्या. भाकरीपेक्षा त्या प्रवासात बऱ्या राहतात.

पहाटे पाचला गाडी हलली पाहिजे. चिमठाणे, सोनगीर, धुळे असा रस्ता. ज्यांचे गुडघे चढाला साथ देत नाहीत त्यांना धुळ्यात पांझरेकाठच्या एकवीरादेवीच्या मंदिरात उतरवा, सोबत एखादा जाणता मुलगा ठेवा आणि परतताना घ्या.

सोनगीर यायच्या आत सगळ्यांना दोन भावांची गोष्ट सांगून ठेवा. फिरोजशहा तुघलकाने १३७० मध्ये मलिक राजा फारुकीला थाळनेरची जहागीर दिली, आणि खानदेशचं फारुकी घराणं तिथून उभं राहिलं. १३९९ मध्ये तो वारला. त्याच्या वाटणीत थोरल्या मुलाला, नासीरला, लळिंग मिळाला, धाकट्या इफ्तिकारला थाळनेर. नुसत्या पडक्या भिंती पाहून लोक अर्ध्या तासात कंटाळतात. भिंती कोणाच्या हे ठाऊक असलं की तेच लोक प्रश्न विचारू लागतात.

लळिंग धुळ्याहून मालेगावच्या बाजूला, महामार्गाला लागूनच आहे. गाडी गावात लावा, जुन्या महादेव मंदिराचं दर्शन घ्या आणि लगेच चढायला लागा. तासाभराचा चढ. मुरमावर वाळलेलं गवत पडलेलं असतं, त्यावरून चपला सटकतात, म्हणून सगळ्यांच्या पायात बूट हवेत. वाट माहीत असलेला पुढे, दमदार माणूस शेवटी, पोरं मधे. पाणी माणशी दोन लिटर. वर खडकात खोदलेली टाकी आहेत, पण त्यातलं पाणी पिऊ नका. वाड्यांचे पडके अवशेष आणि तटबंदी पाहून झाली की उत्तरेला तोंड करून उभे राहा. धुळे पायाशी दिसतं आणि पलीकडे तापीकडे उतरत गेलेला मुलूख. नासीरला धाकट्याचं थाळनेर का हवंसं झालं असेल, हे इथे उभं राहून मुलांना विचारा. दहाच्या आत खाली या.

लळिंगच्या कुरणातच लांडोर बंगला आहे. कोर्टाच्या कामासाठी धुळ्यात आले असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर ३१ जुलै १९३७ ला तिथे मुक्कामाला होते. दर वर्षी त्या दिवशी लोक तिथे जमतात. वेळ असेल तर जरूर जा.

परतताना सोनगीरला अर्धा तास द्या. तांब्या-पितळेची भांडी ही तिथली जुनी ओळख. नंतर नरडाणा, सावळद्याचा तापीवरचा पूल, शिरपूर आणि उजवीकडे थाळनेर. जेवण तिथेच, सावली बघून.

थाळनेरला घाई करू नका. १४१७ मध्ये नासीरने माळव्याच्या होशंगशहाची मदत घेऊन भावाकडून हे ठाणं घेतलं. त्याआधीच त्याने असीरगड मिळवला होता आणि तापीकाठीच बुऱ्हाणपूर वसवलं होतं. तरी १४३७ मध्ये त्याला मूठमाती मिळाली ती थाळनेरला, बापाच्या शेजारी. फारुकींच्या कबरी एकत्र आहेत, त्यात अष्टकोनी इमारत आधी पाहा. तिच्या भिंतीपासून हातभर अंतरावर थांबा आणि दगडातलं कोरीव काम एकेका पट्टीने खालून वर वाचत जा. दुपारचं तिरकं ऊन त्यावर पडलं की नक्षीची खोली कळते. किल्ल्याचे नदीकाठी थोडेच अवशेष उरलेत. २७ फेब्रुवारी १८१८ ला इंग्रजांच्या हिस्लॉपने तो घेतला, आतल्या शिबंदीची कत्तल केली आणि किल्लेदार तुळशीराम मामाला फासावर चढवलं. हे तिथे उभं राहून मोठ्याने सांगा. आपल्या शेजारच्या तालुक्यात घडलेलं आहे, आणि आपल्याच मुलांना ते माहीत नसतं.

चारला निघून पुन्हा पूल ओलांडा आणि बेटावदमार्गे मुडावदला या. सकाळी धुळ्यात पाहिलेली पांझरा इथे तापीला मिळते, संगमावर कपिलेश्वराचं मंदिर आहे. पाण्यात कोणालाही उतरू देऊ नका, पट्टीच्या पोहणाऱ्यालाही नाही. खाली सुलवाड्याला बॅरेज आहे, फुगवट्याने काठ उथळ दिसतो आणि पुढच्याच पावलाला खोली लागते. गाळात रुतलेला पाय निघत नाही. पाय धुवायचे तर घाटावर, मोठ्या माणसाचा हात धरून.

अंधार पडायच्या आत हजेरी घेऊन गाडी हलवा. हिशेब बेटावद ते शिंदखेडा या टप्प्यात गाडीतच वाचून दाखवा आणि उरलेली वर्गणी उतरण्याआधी ज्याची त्याला परत करा.