काटा हलला नाही तरी

२००४ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचा शेजारी शेजारी उभं राहून काढलेला फोटो छापून आला. एक पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन किती ते सांगणारा आकडा, अगदी सारखा : २२.३. पण तपासणीत युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के चरबी निघाली आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. युडकिन सवड मिळेल तेव्हा मॅरेथॉन धावणारे. याज्ञिकांचा मुख्य व्यायाम कुठला, तर सकाळी हॉस्पिटलच्या लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत ती गाठण्यासाठी केलेली पळापळ! ही मिश्किल नोंद खुद्द त्या दोघांचीच आहे.

प्रस्तुत लेखकाला हा किस्सा पाठ होता, आणि तरी त्यानं वजनकाटा विकत घेतला.

निमित्त झालं वार्षिक तपासणीचं. साखर ‘बॉर्डरलाइन’वर आली. डॉक्टरांनी रोज चालायला आणि रात्रीचं जेवण लवकर उरकायला सांगितलं. वजनाचा विषय त्यांनी फारसा काढला नव्हता. तो घरच्यांनी काढला. मग शंभर ग्रॅमचाही फरक दाखवणारा डिजिटल काटा आला आणि सकाळचा चहा त्याच्या परवानगीनं होऊ लागला. पहिल्याच आठवड्यात दोन किलो उतरले. ऑफिसात त्याची चर्चाही झाली. पुढं एका लग्नाला जाऊन आल्यावर एका रात्रीत दीड किलो परत चढलं. प्रायश्चित्त म्हणून रात्री न जेवता झोपायचं ठरलं. त्याचा शेवट अकराच्या सुमारास फरसाणाच्या डब्यापाशी व्हायचा. आकडा पुढं बरेच दिवस जागचा हलेना, तेव्हा ‘उपयोग काय?’ म्हणून लेखकानं चालणंच सोडलं.

थोड्याच दिवसांत पुन्हा रक्त तपासलं गेलं. एचबीएवनसी ही मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगणारी चाचणी. ती चांगली खाली आली होती. वजन मात्र होतं तेवढंच. ‘काय केलंत?’ असं डॉक्टरांनी कौतुकानं विचारलं, तेव्हा ‘चालत होतो’ असं भूतकाळात उत्तर द्यावं लागलं.

काट्यानं खोटं सांगितलं असं नाही. त्याला विचारलेला प्रश्न चुकीचा होता. शरीर यकृतात आणि स्नायूंत साखरेचा साठा ग्लायकोजेनच्या रूपात ठेवतं. तो अर्धा किलोच्या आत-बाहेर असतो, पण त्याच्या दर ग्रॅमामागं सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवलेलं असतं. भात-पोळी अचानक कमी केली की साठा रिता होतो आणि पाणी लघवीवाटे निघून जातं. पहिल्या आठवड्यातले ते दोन किलो बहुतांशी हेच. लोणचं-पापड जास्त झालं, पाळी जवळ आली, दोन दिवस पोट साफ झालं नाही, तरी काटा वर सरकतो. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. एका रात्रीत दीड किलो चरबी चढायची तर रोजच्या जेवणावर साडेअकरा हजार कॅलरी जादा खायला हव्यात. जिलबीचा कितीही आग्रह झाला तरी हे माणसाच्या आवाक्यातलं नाही.

या बाबतीत चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या चमूचा अभ्यास आपल्यासाठी फार मोलाचा आहे. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेली ५३१ माणसं त्यांनी निवडली आणि त्यांचे गट करून तीन वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. एका गटाला नेहमीचाच सल्ला दिला. दुसऱ्या गटाला रोज अर्धा तास भरभर चालायला, साखर, मैदा आणि तेल-तूप कमी करायला, तंतुमय पदार्थ वाढवायला सांगितलं. २००६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पहिल्या गटात ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला होता, दुसऱ्यात ३९.३ टक्के लोकांना. आणि या दुसऱ्या गटाचं वजन? ते घटलंच नव्हतं. ही माणसं रोज सकाळी काट्यावर उभी राहून स्वतःला जोखत बसली असती, तर त्यांतली किती जणं तीन वर्षं टिकली असती, असा प्रश्न पडतो.

वजन उतरणं निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ कुणी काढू नये. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या अशाच मोठ्या अभ्यासात आहार-व्यायामानं मधुमेहाचा धोका ५८ टक्क्यांनी घटला आणि तिथं वजन उतरण्याचा वाटा मोठा होता. गुडघे दुखणाऱ्याला, यकृतात चरबी साठलेल्याला त्याचा फायदा होतोच. मुद्दा एवढाच की सवयीचं फळ काट्यावर उशिरा दिसतं, कधी दिसतच नाही, आणि तोवर माणूस सवय सोडून मोकळा होतो.

लंडनच्या डॉ. जेरी मॉरिस यांनी १९५३ साली दुमजली बसच्या कर्मचाऱ्यांची पाहणी प्रसिद्ध केली. दिवसभर बसून असणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा जिने चढ-उतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होत होता. ड्रायव्हर जाडे असतील म्हणून हे असेल, ही शंका येणारच. मॉरिस यांनी मग सरकारी गणवेशातल्या पँटींच्या कमरेची मापं मिळवली! ड्रायव्हरांच्या पँटी मोठ्या निघाल्या खऱ्या, पण स्थूल कंडक्टरसुद्धा तशाच स्थूल ड्रायव्हरपेक्षा सुरक्षित होते.

मग मोजायचं काय? पहिलं, कमरेचा घेर, महिन्यातून एकदा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप धरायचा, श्वास सहज सोडायचा, पोट आत ओढायचं नाही. भारतीय पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांसाठी ८० ही धोक्याची रेषा मानतात. पँटीच्या मापावर विसंबू नये. आपल्याकडचे बरेच पुरुष पँट पोटाच्या खाली घालतात आणि माप वर्षानुवर्षं तेच राहतं. दुसरा, दम. पुणेकरांसाठी पर्वतीच्या १०३ पायऱ्या आहेतच. इतरांना सोसायटीचा जिना पुरतो. किती पायऱ्यांवर थांबावं लागतं, ते लक्षात ठेवायचं. रक्तदाब आणि साखर डॉक्टर सांगतील त्या अंतरानं.

बाकी नोंद करायची ती केलेल्या कामाची. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत दुधाचे खाडे मांडतो त्याच चौकोनात चाललो त्या दिवशी एक खूण करावी. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला निदान १५० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम सांगते. हा दुसरा भाग आपल्याकडं सर्रास गाळला जातो, विशेषतः चाळिशी उलटलेल्या बायकांच्या बाबतीत. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठ-बस करण्यापासून सुरुवात करता येते. जेवणानंतरची शतपावली जुनी असली तरी कामाची आहे, कारण जेवल्यावर चाललं की साखर कमी उसळते. ताटात मात्र ‘बंद’ची यादी करण्यापेक्षा भर घालावी : मोडाची उसळ रोज, कोशिंबीर, भाजी दुप्पट. आणि उपवासाच्या नावाखाली साबुदाण्याची खिचडी खाताना साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट आहे, एवढं ध्यानात असू द्यावं.

काटा घरात ठेवावाच लागतो अशीही माणसं आहेत. हृदय कमजोर असलेल्या रुग्णांना डॉक्टर रोज वजन करायला सांगतात, कारण दोन-तीन दिवसांत एकदम दोन किलो वाढले तर अंगात पाणी साठत असल्याची ती खूण असते. डायलिसिसच्या रुग्णांचंही तसंच. काही न करता वजन घटत चाललं असेल तर खूश न होता तपासून घ्यावं. क्षयापासून मधुमेहापर्यंत काहीही निघू शकतं. आणि इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असताना चालणं वाढवलं तर साखर फार खाली जाऊ शकते. त्यामुळं डोसाचं आधी डॉक्टरांना विचारावं आणि फिरायला निघताना खिशात गुळाचा खडा किंवा ग्लुकोजच्या गोळ्या ठेवाव्यात.