मांसल कोंबडीच्या शरीरातील स्फुरद

नत्र, स्फुरद व पालाश ही नावे शेतकऱ्यांच्या परिचयाची आहेत. यांपैकी स्फुरद, म्हणजेच फॉस्फरस, पिकांप्रमाणेच मांसल कोंबड्यांच्या वाढीसही अत्यावश्यक असते.

कोंबडीच्या शरीरातील सुमारे ८० टक्के स्फुरद कॅल्शियमच्या संयोगाने हाडांत साठविलेले असते. उरलेले पेशींच्या घडणीस व शरीरातील ऊर्जेच्या देवघेवीस उपयोगी पडते. मांसल कोंबडी अवघ्या पाच ते सहा आठवड्यांत २ किलोंच्या आसपास वजन धारण करते. हा भार पेलण्याइतकी हाडे त्याच वेगाने बळकट व्हावी लागतात. स्फुरद, कॅल्शियम वा ड जीवनसत्त्व कमी पडल्यास हाडे मऊ राहतात, पक्षी लंगडतात व खाद्यापर्यंत पोहोचू न शकल्याने खंगतात.

मका व सोयाबीन पेंड यांत स्फुरद असते. परंतु त्याचा सुमारे दोनतृतीयांश भाग फायटेट या रूपात बांधलेला असतो. तो सोडविण्याची क्षमता कोंबडीच्या पचनसंस्थेत फारच थोडी असते. म्हणून खाद्यात डायकॅल्शियम फॉस्फेट मिसळावे लागते आणि न पचलेले स्फुरद विष्ठेवाटे बाहेर पडते.

ढोबळ हिशेब असा : एक पक्षी सुमारे ३.३ किलो खाद्यातून २० ग्रॅम स्फुरद घेतो. त्यापैकी जेमतेम ९ ग्रॅम शरीरात राहते व ११ ग्रॅम बाहेर जाते. ५,००० पक्ष्यांच्या एका तुकडीमागे हे प्रमाण ५५ किलो होते.

हे कोंबडीखत पिकास मोलाचे आहे. तथापि, ते उघड्यावर रचल्यास किंवा एकाच शेतात वर्षानुवर्षे टाकल्यास पावसाबरोबर स्फुरद तलावात उतरते. तेथे शेवाळ माजते, पाण्यातील प्राणवायू घटतो आणि मासे मरतात.

यावर उपाय आहे. फायटेट फोडणारे फायटेज हे विकर १९९१ पासून पशुखाद्यासाठी बाजारात उपलब्ध आहे. ते मिसळल्यास फॉस्फेटचा खर्च वाचतो व विष्ठेतील स्फुरदही घटते. मात्र, खाद्यातील प्रमाण पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच ठरवावे.

खताचा ढीग विहीर व ओढ्यापासून दूर, आच्छादनाखाली ठेवावा आणि माती परीक्षणानंतरच ते शेतात द्यावे, याबाबत ग्रामपंचायतींनी आग्रह धरावा. कोंबडीच्या हाडांना बळ देणारे हे द्रव्य गावाच्या पाण्यात न जाता शिवारात राहील, यातच सर्वांचे हित आहे.