थिऑर्बोच्या उतरवलेल्या तारा

चि. मैथिलीस,


गिटारवरून बरोक साथीकडे वळताना लांब मानेच्या ल्यूटपैकी आर्चल्यूट घ्यावा की थिऑर्बो, असं तू विचारलं आहेस. तुझा कल आर्चल्यूटकडे दिसतो. त्याच्या तारा वरून खाली क्रमाने उतरतात, आणि गिटारची तिसरी तार अर्ध्या सुराने उतरवली की डाव्या हाताला तेच आकार सापडतात. थिऑर्बोत मात्र सगळं उलटसुलट. तरीही कंटिन्युओ, म्हणजे बेसच्या ओळीवरून स्वरमेळ देत करायची साथ, शिकायचा असेल तर आधी थिऑर्बोच धर, असं मी म्हणेन. तुला जी अडचण वाटते ती साथीच्या कामी उपयोगाचीच आहे.

ती आली कुठून ते आधी बघ. इटालियन थिऑर्बोच्या बोटांखालच्या सहा तारा ए, ई, बी, जी, डी, ए अशा. त्यातल्या पहिल्या दोन एक सप्तक खाली लावलेल्या, म्हणून तिसरी बी सगळ्यांत उंच. ही कोणाची लहर नव्हती. आतड्याची तात किती उंच चढेल हे तिच्या लांबीवर ठरतं. बारीक तार घेऊन काही साधत नाही, कारण ताण कमी होतो तेवढीच तिची ताकदही कमी होते. 85 सेंटिमीटरच्या आसपास लांबी असेल तर वरचा ए सोडाच, ई सुद्धा तार तोडून जाईल. मोठ्या ल्यूटवर पहिली तार, मग दुसरी, अशी कशी खाली गेली हे ल्यूटवादक पिचिनीनीने 1623च्या पुस्तकात सांगितलं आहे. लांबी कमी करून उंच सूर मिळवता आले असते, पण मग खालच्या सुरांची गाज गेली असती. त्या लोकांनी गाज निवडली.

आणि गायकाला तीच हवी होती. गायक-संगीतकार कॅचिनी 1602 साली फ्लॉरेन्सला छापलेल्या आपल्या गीतसंग्रहाच्या प्रस्तावनेत गळ्याच्या साथीला, विशेषतः टेनरच्या, कितारोने म्हणजे हाच थिऑर्बो सर्वांत योग्य ठरवतो. आपल्याकडे संवादिनीवाला गायकाचीच सुरावट धरून मागे चालतो. इथे साथीदाराने बेस आणि त्यावरचे स्वरमेळ द्यायचे आणि चाल गायकाकडे सोडायची. सर्वांत उंच मोकळी तार मधल्या सीच्या खालच्या बीवर असली की हात आपोआप गळ्याच्या खाली राहतो. शिवाय ए, बी, जी असे जवळजवळचे सूर वेगवेगळ्या तारांवर येतात, एकमेकांत मिसळून रेंगाळतात, आणि विसंवाद सुटण्याआधी चांगला बोचतो.

यावरचा खरा आक्षेप वेगळा आहे. बेस चौथ्या तारेवरच्या जीवर धरून वर ई म्हणून दुसरी तार छेडलीस, तर तो ई बेसच्याही खाली पडतो आणि स्वरमेळ उलटतो. हे खरं आहे, आणि म्हणूनच नवशिका घाबरतो. उपाय म्हणजे बेस शक्यतो बोटांखालच्या सहा तारांपलीकडच्या लांब मोकळ्या तारांवर खाली न्यायचा, आणि प्रत्येक मेळात कोणत्या तारा सोडायच्या ते ठरवायचं. गिटारवाल्याची सहाही तारा खाजवायची सवय इथेच मोडते. मोडलेली बरी.

दुसरा आक्षेप संगीतकार कोरेलीच्या दाखल्याचा. त्याच्या 1681 आणि 1689च्या त्रिकूट सोनाटांवर व्हायोलोन किंवा आर्चल्यूट असंच छापलं आहे. मान्य. तिथे बेसची ओळ धावती असते आणि क्रमवार तारांचा फायदा दिसतो. ते संगीत वाजवायचं झालं तर आर्चल्यूट घे, वाद नाही. पण तुला आधी गाण्याची साथ करायची आहे ना?

तिसरा आक्षेप ल्यूटवादक वाइसचा. 1723 साली संगीतलेखक माथेझोनला लिहिलेल्या पत्रात तो सांगतो की खोलीतल्या गाण्याला थिऑर्बो जवळून कर्कश लागतो, ल्यूट बरा. पण तो नखांनी वाजवणाऱ्यांबद्दल बोलतो आहे. बोटांच्या मांसाने वाजवलंस तर ती तक्रार निम्मी संपते. आणि त्याच पत्रात, चर्च आणि ऑर्केस्ट्रासाठी आपण थिऑर्बोएवढंच मोठं वाद्य करून घेतल्याचंही तो लिहितो. त्याने फक्त तारा आपल्या ल्यूटसारख्या, डी मायनरच्या सुरांत लावल्या, कारण त्याचा हात ल्यूटवरच बसलेला होता. तुझं तसं नाही.

विकत घेताना पडद्यांवरच्या तारांची लांबी विचार. ती 70 सेंटिमीटरच्या खाली असेल आणि तरीही दोन्ही तारा उतरवलेल्या असतील, तर कारागिराकडून कारण काढून घे. अशी वाद्यं प्रवासाच्या सोयीसाठी बनतात आणि गाज हरवून बसतात. वाद्य आलं की पहिल्यांदा कॅचिनीचंच एखादं गाणं काढ. लांब तारांना पडदे नसतात, तेव्हा बसण्याआधी गाण्यात एफ शार्प आहे की साधा एफ ते बघून ती तार लावून ठेव, आणि दोन्ही असतील तर एक वरच्या सप्तकात बोटाने धर.

तुझा,
काका