काडतूस घरी भरायचे नाही

नया नगर, मीरा रोड (पूर्व)

आदिल बेटा,


तुझ्या अम्मीने काल फोनवर सांगितले तेव्हापासून माझे चित्त थाऱ्यावर नाही. म्हणे सुट्टीत येताना तू कुणा मित्राकडून काडतुसे भरायचे यंत्र आणणार आणि नानांच्या .315 रायफलीसाठी लांब पल्ल्याची काडतुसे इथे गॅलरीत बसून भरणार. अम्मीला वाटले, शिवणयंत्रासारखे काही असेल. ते काय आहे हे मला ठाऊक आहे, म्हणून हे पत्र. मामूचे नेहमीचेच म्हणून अर्धवट ठेवू नकोस.

तुझे म्हणणे खोटे आहे असे मी म्हणत नाही. अमेरिकेत, युरोपात शिकारी लोक घरी काडतुसे भरतात आणि त्यातून नेम सुधारतो, हे खरे. प्रत्येक नळीची आवड वेगळी असते. दारूचे वजन आणि गोळी पुंगळीत किती खोल बसली यावर फरक पडतो. पण किती पडतो, याचा हिशेब तू केलास का? उदाहरण म्हणून 7.62 मिलिमीटरची गोळी घे. ती नळीतून सेकंदाला साधारण 800 मीटर वेगाने निघते. दोन काडतुसांच्या वेगात 10 मीटरचा फरक राहिला, तर 300 मीटरवर गोळी दोनेक सेंटीमीटर वरखाली लागेल. त्याच अंतरावर ताशी 16 किलोमीटरचा आडवा वारा तिला वीसेक सेंटीमीटर बाजूला नेतो. म्हणजे वाऱ्याचा अंदाज निम्म्याने चुकला की दहा सेंटीमीटर गेले. 300 मीटरच्या निशाणावरचे दहा गुणांचे वर्तुळ अवघे 10 सेंटीमीटर व्यासाचे. दोन सेंटीमीटर वाचवायला घरात बारूद आणायची आणि दहा सेंटीमीटर वाऱ्यावर सोडायचे, हा कुठला हिशेब?

दुसरी गोष्ट तुम्हा मुलांना कुणी सांगत नाही. तीन गोळ्या झाडायच्या, छिद्रे जवळजवळ पडली की ‘हे प्रमाण जमले’ म्हणून वहीत लिहायचे, ही पद्धतच कच्ची आहे. तेच काडतूस, तीच रायफल, तोच हात. तरी तीन गोळ्यांचा एक गट दुसऱ्याच्या दुप्पट येऊ शकतो, निव्वळ योगायोगाने. खरा फरक ओळखायचा तर प्रत्येक प्रमाणाच्या कितीतरी गोळ्या झाडाव्या लागतात, आणि तेवढ्यात नळी झिजते ती वेगळीच. घरी भरणाऱ्यांपैकी बरेच जण योगायोगालाच कसब समजून बसतात.

आता तू म्हणशील, कारखान्याच्या मालात सातत्य नसते. मग नेमबाज स्वप्निल कुसाळेकडे बघ. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा मुलगा, तू सराव करतोस त्याच बालेवाडीच्या रेंजवर घडलेला. 1 ऑगस्ट 2024 रोजी 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये 451.4 गुणांवर त्याने ऑलिंपिक कांस्य आणले. खाशाबा जाधवांच्या 1952 च्या पदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूचे हे पहिलेच वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या खेळातले .22 काडतूस घरी भरलेले नसतेच. त्याची पेट घेणारी दारू बुडाच्या कडेतच असते, त्यामुळे झाडलेली पुंगळी पुन्हा भरणे व्यवहारात शक्यच नाही. तरी 50 मीटरवर 10.4 मिलिमीटरच्या वर्तुळात गोळ्यांमागून गोळ्या जातात. ते साधते ते लॉट, म्हणजे कारखान्याच्या खेपा, तपासून: रायफल शिकंज्यात घट्ट बसवायची, एकाच कंपनीचे वेगवेगळे लॉट झाडून बघायचे, आपल्या नळीला मानवेल तोच विकत घ्यायचा. तुझी हौस जुळणीची आहे ना? ती लॉट तपासण्यात पुरेपूर भागते, आणि घरात चिमूटभर बारूद येत नाही.

मी पुन्हा बारुदीवरच येतो, कारण माझी झोप तिनेच उडवली आहे. शस्त्र अधिनियम 1959 च्या व्याख्येत काडतुसे बनवायची यंत्रसामग्रीसुद्धा ‘दारूगोळा’च ठरते. ‘अजून भरले कुठे होते’ हे उत्तर तिथे चालणार नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना निर्मितीला किमान 7 वर्षे, आणि वर जन्मठेपेपर्यंत. नानांच्या रायफलीचा पीक संरक्षणाचा परवाना माझ्या नावावर आहे. तो रायफल बाळगायचा आहे, कारखाना काढायचा नाही. शिकार तर कायद्याने बंदच आहे, आणि आपल्या म्हसळ्याच्या शेतात रानडुक्कर शिरले तरी वनखात्याला विचारल्याशिवाय चाप ओढता येत नाही. रायफलही जुनी. दारू जरा जास्त पडली आणि बोल्टने दाब सोसला नाही, तर धातू उडतो तो झाडणाऱ्याच्या तोंडावर.

शिवाय आपली वस्ती. भिंतीला भिंत, प्रत्येक स्वयंपाकघरात सिलिंडर, जिन्यात सायकली. जानेवारी 2024 मधल्या हिंसाचाराच्या वेळी नया नगरचे नाव बातम्यांत कसे गाजले ते तू पाहिले आहेस. आपल्या पत्त्यावर बारूद सापडली, तर ‘नेमबाजीसाठी होती’ हे कोण ऐकून घेणार? परवाना, पदके, बालेवाडी हे सगळे वकील नंतर सांगेल; तोवर तुझी अम्मी पोलीस ठाण्याच्या बाकावर बसलेली असेल.

जरा कडक लिहिले. तुझ्या हाताबद्दल मला शंका नाही. इतका स्थिर हात आपल्या घरात कुणाचा नव्हता. आमच्या तरुणपणी खेळासाठी घरात पैसे मागायची सोयच नव्हती, ती हळहळ अजून गेलेली नाही. कदाचित पैशांपायीच तू हा मार्ग धरला असशील, आणि लाजून बोलला नसशील. तसे असेल तर आधी मला सांगायचे होतेस.

येताना ते यंत्र आणू नकोस, रिकाम्या पुंगळ्याही नकोत. कोणत्या लॉटचे किती डबे तपासायला लागतील ते प्रशिक्षकांना विचारून लिहून पाठव. पैशांचे मी बघतो. आणि एक फोन कर, अम्मीला नव्हे, मला. रागावणार नाही.

तुझा
मामू