महागड्या शहरातील काटकसर : लंडन आणि पनवेलकरांची ‘पास’ची सवय

एखादे शहर महाग आहे असे म्हटले जाते तेव्हा त्या विधानात दोन निराळे हिशेब एकत्र झालेले असतात : शहर पाहुण्याला जे विकते त्याचा एक, आणि रहिवाशांसाठी सार्वजनिक पैशातून जे उभे केलेले असते व ज्याचा लाभ पाहुण्यालाही आपोआप मिळतो त्याचा दुसरा. लंडनची गणना युरोपातील महागड्या शहरांत होते ती पहिल्या हिशेबाने. दुसऱ्या हिशेबाने पाहिले तर ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम आणि नॅचरल हिस्टरी म्युझियम यांच्या कायमस्वरूपी दालनांना तिकीट नाही. इंग्लंडमधील जी राष्ट्रीय संग्रहालये पूर्वी शुल्क आकारीत, त्यांनीही डिसेंबर 2001 पासून ते बंद केले. पनवेलहून आठ दिवसांसाठी तेथे गेलेल्या प्रस्तुत लेखकाच्या कुटुंबाने हे दोन हिशेब वेगळे केले नाहीत, आणि त्यामुळे जेथे पैसा लागत नव्हता तेथे तो आधीच भरून ठेवला व जेथे थोडा अधिक खर्चायला हवा होता तेथे हात आखडला.

या चुकीचे मूळ पनवेलच्या दिनक्रमात शोधता येते. हार्बर मार्गावर रोज छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंत ये-जा करणाऱ्या माणसाच्या मनात ‘पास’ या शब्दाचा अर्थ पक्का झालेला असतो : एकदा पैसे भरावेत आणि महिनाभर विचार करू नये. नित्याच्या, ठरलेल्या प्रवासाला हा व्यवहार फायद्याचाच असतो, कारण फेऱ्यांची संख्या आधीच ठाऊक असते. परंतु पर्यटकाच्या फेऱ्या ठरलेल्या नसतात, त्याचे पाय दुखतात, पाऊस पडतो, आणि एखाद्या दालनात तासाऐवजी अर्धा दिवस जातो. हे लक्षात न घेता लेखकाने घरबसल्या अनेक प्रेक्षणीय स्थळांचा मिळून तीन दिवसांचा एकत्रित पास माणशी एक याप्रमाणे विकत घेतला. असे पास बहुधा तासांनुसार नव्हे, तर दिनदर्शिकेनुसार मोजले जातात, म्हणजे दुपारी तीन वाजता पहिले दार ओलांडले तरी तो पूर्ण दिवस खर्ची पडतो, आणि नेमके तेच घडले. उरलेले दोन दिवस पैसे वसूल करण्याच्या ईर्ष्येने एका ठिकाणाहून दुसरीकडे धावण्यात गेले, आणि ज्या संग्रहालयांसाठी मुळात लंडनला जायचे ठरले होते ती, त्यांना तिकीट नसल्यामुळेच, मागे पडली. पासाचा हिशेब करताना यादीतील स्थळांच्या तिकिटांची बेरीज करून उपयोग नाही. त्या तिकिटांपैकी कोणती आपण पास नसतानाही काढली असती एवढेच पाहावे, आणि ती दोनतीनच निघाली तर सुटी तिकिटे काढावीत. टॉवर ऑफ लंडनसारख्या स्थळाचे प्रौढांचे तिकीट 2025 मध्ये 35 पौंडांच्या आसपास होते. पौंड 115 रुपयांचा धरला तर ही रक्कम चार हजारांवर जाते, आणि केवळ कोहिनूर डोळ्यांखालून घालण्यासाठी ती द्यावी की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. शिवछत्रपतींची म्हणून सांगितल्या जाणाऱ्या वाघनखांसाठी जाणाऱ्याने मात्र आधी चौकशी करावी, कारण व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधील ती वाघनखे जुलै 2024 मध्ये तीन वर्षांच्या बोलीवर महाराष्ट्रात आणून प्रथम साताऱ्याच्या संग्रहालयात ठेवण्यात आली. अर्थात ती शिवछत्रपतींचीच असल्याचे सिद्ध झालेले नाही, असे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमचे स्वतःचे म्हणणे आहे.

शहरातील वाहतुकीत तर पास न काढताच पास मिळतो. तेथे ‘दैनिक कमाल भाडे’ अशी व्यवस्था असून तिचा अर्थ असा, की ऑयस्टर हे पैसे भरून ठेवण्याचे कार्ड किंवा साधे बँक कार्ड यंत्राला टेकवत गेल्यास दिवसभराच्या भाड्याची बेरीज एका मर्यादेवर थांबते आणि पुढील फेऱ्यांचे पैसे कापले जात नाहीत. 2025 च्या दरांनुसार बसचे एकेरी भाडे 1.75 पौंड होते, पहिल्या बसमध्ये चढल्यापासून तासाभरात बदललेल्या बसला वेगळे भाडे पडत नव्हते, आणि फक्त बसनेच फिरणाऱ्याची दिवसाची मर्यादा 5.25 पौंड होती. भुयारी रेल्वेसह पहिल्या दोन झोनची, म्हणजे मध्यवर्ती भाडेपट्ट्यांची, मर्यादा 8.90 पौंड होती. बसमध्ये चढतानाच कार्ड टेकवायचे असते, परंतु भुयारी रेल्वेत आत जाताना आणि बाहेर पडताना अशा दोन्ही वेळी. बाहेर पडताना विसर पडल्यास प्रवास कोठे संपला हे यंत्रणेला कळत नाही व ती मोठे भाडे कापते. हा भुर्दंड लेखकाच्या कुटुंबाला एकाच दिवशी दोनदा बसला. प्रत्येकाचे कार्ड वेगळे लागते. प्रौढासोबतच्या अकरा वर्षांखालील मुलांना मात्र भाडे नाही. विमानतळावरून शहरात येतानाही हाच विवेक लागतो, कारण हीथ्रोहून पॅडिंग्टनला पंधरा मिनिटांत नेणाऱ्या गाडीचे ऐनवेळचे तिकीट 25 पौंडांचे होते, तर तासाभराने शहराच्या मध्यात पोहोचवणाऱ्या भुयारी रेल्वेच्या पिकॅडिली मार्गाचे भाडे 6 पौंडांहूनही कमी. पनवेलच्या लोकलमध्ये याहून जास्त वेळ उभ्याने काढणाऱ्याला त्या तासाचे काही वाटू नये.

निवासाबाबत चूक उलट्या दिशेने झाली. शहराबाहेर पाचव्या झोनमध्ये खोली स्वस्त मिळाली म्हणून ती घेतली. रोजचे दोनअडीच तास आणि दूरच्या झोनचे जास्तीचे भाडे यांत ती बचत विरून गेली, आणि संध्याकाळ, जी लंडनमध्ये पुष्कळदा फुकट असते, हाती लागली नाही. ब्रिटिश म्युझियम शुक्रवारी रात्री साडेआठपर्यंत आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट दहापर्यंत उघडे असते, हे परतीच्या गाडीची वेळ पाहत घाईने बाहेर पडणाऱ्याच्या काय कामाचे? मध्यवर्ती भागात राहण्याचा एक मार्ग फारसा कोणी सुचवत नाही : उन्हाळी सुट्टीत विद्यापीठांची वसतिगृहे रिकामी होतात आणि त्यांतील खोल्या पर्यटकांना भाड्याने दिल्या जातात. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सही हे करते.

त्या संस्थेचे नाव मराठी वाचकाला काटकसरीच्या संदर्भात परके नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर जुलै 1920 मध्ये तेथील अपुरा राहिलेला अभ्यास पूर्ण करण्यासाठी दुसऱ्यांदा लंडनला गेले, ते सिडनहॅम कॉलेजच्या पगारातून साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले कर्ज यांच्या बळावर. गाडीभाडे वाचवण्यासाठी पायी चालणे, अपुरे जेवण, रात्रीच्या भुकेला भाजलेले पापड आणि दिवसभर ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय, असा त्यांचा क्रम चरित्रकारांनी नोंदवला आहे. याला काटकसर म्हणावे की उपासमार, हा प्रश्न उरतोच, आणि हौशी प्रवाशाने त्यांचा दाखला देऊन जेवण टाळणे अप्रस्तुत होय. त्यांच्या दिनक्रमातून घेण्यासारखे आहे ते एवढेच, की शहरातील सर्वांत मोलाची गोष्ट कोणती हे त्यांना ठाऊक होते आणि तिला तिकीट नव्हते. पेनीपेनीचा हिशेब ठेवणाऱ्या या विद्यार्थ्याचा प्रबंध रुपयाच्या प्रश्नावर असावा आणि तो 1923 मध्ये लंडनमध्येच प्रसिद्ध व्हावा, हा योगायोगही नोंद घेण्याजोगा आहे.

आजच्या प्रवाशापुढे रुपयाचा प्रश्न वेगळ्या रूपात येतो. दुकानातील कार्डयंत्र कधी कधी ‘रुपयांत देणार की पौंडांत’ असे विचारते. आपले चलन पाहून हायसे वाटते, परंतु रुपये निवडल्यास विनिमयाचा दर तेथील यंत्रचालक संस्था ठरवते आणि तो बहुधा आपल्या बँकेच्या दरापेक्षा वाईट असतो, म्हणून उत्तर नेहमी ‘पौंड’ असे द्यावे. हे लेखकाला पाचव्या दिवशी, बँकेचे संदेश ओळीने वाचताना उमगले. निघण्यापूर्वीच्या दोन बाबी थोडक्यात सांगता येतात : शेंगेन व्हिसावर ब्रिटनमध्ये प्रवेश मिळत नाही, वेगळा व्हिसा लागतो, आणि सहल कंपनीकडून परदेशाचे पॅकेज घेताना ‘टीसीएस’ म्हणून कराची जी रक्कम आगाऊ गोळा केली जाते ती खर्चात धरू नये, कारण ती आयकर विवरणपत्रात वळती करून घेता येते.

खाण्याच्या बाबतीत पनवेलकराचे शहाणपण तेथेही चालते. मंडईत संध्याकाळी भाजी उतरते तसेच तेथील किराणा दुकानांत दिवस संपताना त्या दिवशीच खपायला हव्यात अशा पदार्थांवर कमी किमतीच्या पिवळ्या चिठ्ठ्या लागतात. नळाचे पाणी पिण्याजोगे असते, तेव्हा बाटली सोबत ठेवावी. घरून मेतकूट, चटणी, भाजणी न्यावी. साजूक तूप आणि पेढे मात्र नेऊ नयेत, कारण भारतातून दुग्धजन्य व मांसाचे पदार्थ नेण्यास ब्रिटनमध्ये मनाई आहे. साउथॉलच्या गुरुद्वारातील लंगर सर्वांना खुला असतो, परंतु त्याला स्वस्त खाणावळ समजून रोज तेथे जाणे शोभत नाही.

शेवटच्या दिवशी, सगळे पास संपल्यावर, हे कुटुंब चॉक फार्म स्थानकावर उतरून किंग हेन्रीज रोडवरील 10 क्रमांकाच्या घरापाशी गेले. 1921-22 मध्ये बाबासाहेब येथे राहत होते, आणि महाराष्ट्र शासनाने 2015 मध्ये ते विकत घेतले. तेथून चालत गेल्यास थोड्याच अंतरावर प्रिमरोझ हिल ही टेकडी लागते. तिच्या माथ्यावरून सेंट पॉल्सच्या घुमटापर्यंतचे शहर दिसते, आणि तेथील बाकांवर डबा उघडून बसण्यास कोणाची हरकत नसते. लेखकाच्या कुटुंबाचा तेथील मुक्काम अडीच तासांचा झाला. त्या दिवसाचा माणशी खर्च बसभाडे, भुयारी रेल्वेचे भाडे आणि पिवळी चिठ्ठी लावलेला एक पाव एवढाच होता.